मदत हवी आहे : कव्हेनंटरांच्या कादंबरीसाठी मराठी शब्द

नमस्कार. मी १६७९ सालच्या स्कॉटलंडवर मराठीत एक छोटी कादंबरी लिहीत आहे. राजाने चर्चवर लादलेले बिशप नाकारणारे कव्हेनंटर नावाचे ख्रिस्ती माळरानावर, चहूकडे पहारेकरी ठेवून, उपासनेला जमत. १ जूनला ड्रमक्लॉग येथे त्यांनी सरकारी घोडदळाला पळवून लावले आणि तीनच आठवड्यांत बॉथवेल पुलावर त्यांचा धुव्वा उडाला.

माझी खरी अडचण ‘कव्हेनंट’ या शब्दाची आहे; कव्हेनंटरांना ज्यावरून नाव मिळाले, ती ही धर्मरक्षणाची लेखी शपथ. मराठी बायबलमधला ‘करार’ अर्थाने अचूक असला, तरी कादंबरीत तो आला की घरभाड्याचा कागद डोळ्यांसमोर येतो. ‘शपथ’ म्हटले, तर १६३८ साली एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये त्यावर प्रत्यक्ष सह्या झाल्या होत्या, हे हरवते. आणि ‘प्रतिज्ञापत्र’ वाचकाला थेट तहसील कचेरीत नेऊन बसवते.

दुसरे असे की, शालीखाली बायबल लपवून आलेली माझी शेतकरीण भर पावसात धर्मोपदेशकाला हाक मारते. तिच्या तोंडी ‘पाळकसाहेब’ शोभेल, की ते फार अलीकडचे वाटेल? मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्या वाचकांनी, विशेषतः जुन्या पिढीची बोली कानावर असलेल्यांनी, कृपया सुचवावे.