गड्डा यात्रेच्या तोंडावर कोरलड्रॉ बदलावं का?

प्रश्न: सोलापूरच्या साखर पेठेत फ्लेक्स डिझाइनचं काम आहे, कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरच्या एक्स-७ आवृत्तीवर. नवी आवृत्ती आत्ता घ्यावी की संक्रांतीनंतर?

उत्तर: संक्रांतीची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकू द्या, दादा. नव्या आवृत्तीतली सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल एक्स-७ मध्ये उघडत नाही. प्रेसवाल्याकडे जुनंच असेल तर ऐन गर्दीत काम अडकतं. सेव्ह अ‍ॅजमध्ये दर वेळी व्हर्जन १७ निवडावं लागेल. १७ म्हणजेच एक्स-७.

उत्तर: खरी गोची फॉन्टची. जुना मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) नसेल आणि नव्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल, तर ‘श्री सिद्धेश्वर’च्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. प्रेसला देताना कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात नि फॉन्ट लागत नाही. पण मूळ फाइल वेगळी ठेवाच, कर्व्हनंतर वेलांटीसुद्धा टाइप करून सुधारता येत नाही.

उत्तर: नवं घेतलं तरी एक्स-७ काढू नका. दोन्ही एकाच मशीनवर चालतात.