कर शून्य, तरी विलंबशुल्क पाच हजार?

पगारदार
"आयकर विवरणपत्राची मुदत सर्वांना ठाऊक असते, तेव्हा ३१ जुलै चुकवणाऱ्यांनी विलंबशुल्काच्या नावाने गळा काढू नये," असे हिशेबनीस यांनी काल लिहिले आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांची रीघ लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर देत आहे. हे शुल्क लावणारे १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम २३४एफ किती कर थकला हे पाहतच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षात सात लाख पगार असलेल्याचा कर नव्या करप्रणालीत कलम ८७ए च्या करसवलतीमुळे शून्य होतो. तरीही विवरणपत्र मुदतीनंतर भरले की त्याला ५,००० रुपये मोजावे लागतात, आणि पन्नास लाख कमावणाऱ्यालाही तेवढेच. थकलेल्या करावर कलम २३४ए खाली दरमहा एक टक्का व्याज लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तेथे सरकारचे पैसे अडकलेले असतात. ज्याच्याकडून एक पैसाही येणे नाही, त्याच्याकडून पाच हजार कशाचे घेता?

हिशेबनीस
विवरणपत्र उशिरा आल्याचे. टीडीएस विवरणाच्या, म्हणजे मालकाने पगार वगैरेतून कापलेल्या कराच्या हिशेबाच्या, विलंबाबद्दलचे २३४ई हे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवले, ते हा दंड नसून विलंबामुळे वाढणाऱ्या कामाचे शुल्क आहे याच कारणाने. तोच न्याय येथेही लागू व्हावा. शिवाय एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क १,००० रुपयेच आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. मुदतीच्या रात्री अशील पासबुकाचा फोटो पाठवतात आणि त्यात खाते क्रमांकावर नेमका त्यांचा अंगठा असतो. अशांची कीव मला येत नाही.

रोखठोक
शुल्क म्हटले की बाजू ऐकून घेण्याची जबाबदारी संपते, हीच तर त्यातली मेख आहे. पूर्वीच्या कलम २७१एफ मध्ये मूल्यांकन वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष) संपेपर्यंत विवरणपत्र आले नाही तरच दंडाचा प्रश्न येई आणि तेव्हाही वाजवी कारण दाखवता येत असे. २०१८-१९ या मूल्यांकन वर्षापासून तो मार्ग बंद झाला. माझा भाऊ अख्खा जुलै रुग्णालयात होता. पोर्टलला त्याचे प्लास्टर दिसले नाही.

दुसरी बाजू
मुदतीची शिस्त फक्त आम्हालाच का, हे कोणी सांगेल काय? माझ्या आधीच्या मालकाने पगारातून कर कापला, पण तो सरकारजमा केलाच नाही. फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, देण्याची मुदत १५ जून असते. मी ऑगस्टपर्यंत त्यांच्या लेखा विभागाच्या पायऱ्या झिजवत होतो आणि नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस मध्ये त्या रकमेच्या जागी काहीच नव्हते. शेवटी शुल्क मी भरले.

हिशेबनीस
कलम २०५ वाचा. कापलेला कर मालकाने भरला नाही, तरी तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही.

दुसरी बाजू
वाचले आहे, अनेकदा. तरीही विवरणपत्र तपासून कलम १४३(१) खाली पाठवतात ती कर मागणीची सूचना आली आणि पुढच्या वर्षीचा परतावा त्या मागणीपोटी वळता झाला. टीडीएस विवरण उशिरा भरणारा मालक दिवसाला २०० रुपये देतो, पण तेही सरकारलाच. ज्याचा पगार कापला गेला त्याच्या हाती त्यातले काय लागते?

हिशेबनीस
आपला मालक लबाड निघाला, याचे खापर २३४एफ वर फोडण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू
आणि आपले अशील आळशी निघाले, याची शिक्षा देशभरातल्या पगारदारांना देण्यात आहे का? शुल्काचे समर्थन करणाऱ्यांची रोजीरोटी मुदतीच्या धास्तीवरच चालते, हे येथे सर्वांना दिसते आहे.

हिशेबनीस
हा आरोप अशोभनीय आहे. उलट पाच हजारांच्या वादात खरी शिक्षा तुमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आली नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याने मुदत चुकवली की त्या वर्षी वजावटी देणारी जुनी करप्रणाली निवडता येत नाही. घरभाडे भत्त्याची सूट आणि बचतीवरची ८०सी ची वजावट यांवर पाणी सोडावे लागते आणि शेअरमधला तोटाही पुढे ओढता येत नाही.

पगारदार
म्हणजे एका उशिरासाठी तीनदा शिक्षा होते, हे आपणच सिद्ध केलेत. आभारी आहे.

हिशेबनीस
ठीक आहे, कर शून्य असेल तेथे सर्वांनाच १,००० रुपये पुरेत, एवढे मी मान्य करतो. हे लिहून ठेवा, कारण पुन्हा म्हणणार नाही.

रोखठोक
लिहून ठेवले. आता रुग्णालयातल्या माणसाचे काय, तेवढे सांगा.