तीन खंडांची फँटसी: प्रकाशकाला द्यावी की घरचे पैसे घालून छापावी?

पन्हाळ्याचं_धुकं:
मंडळी, डोक्याचा भुगा झालाय म्हणून इथे मांडतोय.

नोकरी सांभाळून पाच वर्षांत एक फँटसी कादंबरी लिहिली. तीन खंडांतला हा पहिला. सह्याद्रीतलं एक राज्य, तिथे ज्याचं नाव लोक चुकीचं उच्चारू लागतात तो माणूस हळूहळू दिसेनासा होतो. डेमी आकारात चारशे पानं.

बाहेरगावच्या एका प्रकाशकांकडे हस्तलिखित सात महिने होतं. मग फोन आला. पहिला प्रश्न, "कुमारांसाठी आहे का?" नाही म्हटल्यावर जरा थांबले. म्हणाले, घेऊ, पण अडीचशे पानांत बसवा, नकाशा काढून टाका, दुसऱ्या खंडाचं आत्ता बोलायला नको. पाचशेची आवृत्ती, दहा टक्के मानधन. करारात ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, चित्रपट असे सगळे हक्क त्यांच्याकडे, आणि मुदतीचा उल्लेखच नाही.

इकडे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याचं कोटेशन आहे: पाचशे प्रती, नकाशाचं घडीचं पान धरून ६८,००० रुपये. बायको म्हणते, गाडीचे हप्ते संपलेत, छापून टाक. वडील म्हणतात, पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं म्हणजे आपल्याच गळ्यात आपणच हार घालणं.

माझा कल छापण्याकडे आहे. अडवायचं असेल तर आत्ताच अडवा.

वाचनालयातली_ताई:
मी अडवते. तालुक्याच्या ब वर्ग वाचनालयात काउंटरवर बसते. अनुदान येतं तेव्हा खरेदी विक्रेत्यांच्या यादीवरून होते. पिशवी घेऊन आलेल्या लेखकाला आम्ही चहा पाजतो आणि भिडेखातर एक प्रत घेतो. त्या यादीत पुस्तक जातं ते प्रकाशकामुळे, आणि अशी अ-ब-क-ड वर्गांतली हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत.

दुसरं, तीन खंडांचं. पहिला नेणारा वाचक आधी विचारतो, "पुढचा आलाय का?" नाही म्हटलं की हातातला पहिलाही ठेवून जातो. रोज बघते मी हे.

छाप_भावा:
नकाशा काढा म्हणतोय? भावा, मिसळीतनं कट काढल्यावर राहतंय काय, मटकी!

हिशेब बघ. ४९९ किंमत ठेवलीस तर प्रकाशकाकडनं प्रतीमागं पन्नास रुपयं. सगळ्या पाचशे खपल्या तरी पंचवीस हजार, आणि त्येबी कधी मिळतील देव जाणे. स्वतः छापलीस तर प्रत पडती १३६ ला. दुकानदारानं चाळीस टक्के घेतलं तरी हातात १६३ राहत्यात. वर अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुक टाक, तिथं ७० टक्के. आणि तिकडं अमेरिकेत ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकानं २०२२ मध्ये थेट वाचकांकडनं चार कादंबऱ्यांसाठी चार कोटी डॉलरच्या वर गोळा केलं. प्रकाशक लागला का त्याला?

वाचनालयातली_ताई:
लागला की. त्याची पहिली कादंबरी २००५ ची. म्हणजे प्रकाशकाने सतरा वर्षं दुकानादुकानांत मांडलेला लेखक होता तो. आपल्या धुक्याला अजून गल्लीबाहेर कोण ओळखतं? (राग मानू नका हो.)

गठ्ठेवाला:
मी छापलंय, म्हणून बोलतो. २०१८, पाचशे प्रती. प्रकाशन समारंभाला साठ गेल्या, त्यातल्या निम्म्या मावश्या-आत्यांनी नेल्या. पुढच्या वर्षभरात चाळीस. दुकानदाराकडे दर महिन्याला "काही गेल्या का?" विचारायला जायचो. शेवटी शेवटी तो मला बघितलं की फोनवर बोलायला लागायचा.

उरलेले गठ्ठे शाहूपुरीत कुंभार गल्लीत, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. आठवड्यानं दार उघडायला गेलो तर उघडेना. भिजून फुगलेल्या गठ्ठ्यांनी ते आतून दाबून धरलं होतं. खांद्यानं रेटून आत शिरलो. पुस्तक उचललं की कव्हर हातात यायचं आणि पानांचा लगदा खाली राहायचा.

पुराचा दोष छपाईला देत नाही. पण प्रकाशकाचं गोदाम म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

छाप_भावा:
दादा, वाईट झालं. पण गोदामवाल्यांचीबी काय खात्री? वेस्टलँड प्रकाशनामागं अ‍ॅमेझॉन होतं, तरी २०२२ मध्ये बंद करायचं जाहीर झालंच. नावाजलेल्या लेखकांना पुस्तकं घेऊन दुसरं घर शोधाय लागलं. पाचशे कशाला, शंभर डिजिटल छपाईत काढ, खपल्या की परत शंभर.

कलम_१९:
वकील आहे, मूळ मुद्द्यावर येतो. करारात मुदत नाही म्हणून घाबरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. शिवाय दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून घाबरायचं ते 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' या शब्दांना. ही मुदत तुमच्या हयातीनंतर साठ वर्षं चालते. छापील पुस्तकाचा हक्क द्या, ऑडिओ आणि चित्रपट खोडा. खोडायला सांगितलं म्हणून सहसा कुणी पुस्तक परत करत नाही.

टाइपसेटर_काका:
दोन-तीन गोष्टी. भावा सांगतो ते ७० टक्के भारतात केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे किंडलच्या स्वप्रकाशन सेवेतल्या खास योजनेत, गेलात तरच, एरवी ३५. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही नाही. प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या अ‍ॅपवर क्रमशः टाकलं असेल तर तेही उतरवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकार फुकट देतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर उठून या.

आता खरं दुखणं. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिलं असणार. आमच्यात अजून पुष्कळ जण श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये, पानं लावतात. फाइल बदलताना र चा घोळ होतो. मागं एका पुस्तकात सह्याद्रीच्या सगळ्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. चारशे पानांत जागोजाग समुद्र! तुमच्या राज्यात नाव चुकलं की माणूस गायब होतो म्हणता. पहिल्या प्रुफातच निम्मी प्रजा जाईल. प्रकाशकाकडे निदान मुद्रितशोधक असतो. स्वतः छापणार असाल तर ६८ हजारांत त्याचे पैसे धरलेत का?

पन्हाळ्याचं_धुकं:
काका, धरले नव्हते. आणि माझ्या नायिकेचं नाव ऱ्हिदा आहे. आता झोप लागायची नाही.

गठ्ठेवाल्या दादांचं ते दार काही डोक्यातून जाईना. काल प्रकाशकांना मेल केला: ३३० पानांपर्यंत येतो, नकाशा राहील, ऑडिओ आणि चित्रपट माझ्याकडे, आणि दुसरा खंड दीड वर्षात काढायचा हे करारात हवं. पानांना हो म्हणाले, हक्कांचं "बघू", नकाशाच्या घडीच्या पानाचा खर्च मी द्यायचा म्हणतात. दुसऱ्या खंडावर उत्तरच नाही. दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर नाहीच आलं तर भावाच्या शंभर प्रती.

छाप_भावा:
थांब, थांब. तवर मी दहा जणांकडनं आगाऊ पैसं गोळा करतो.

वाचनालयातली_ताई:
कुणीही छापा, नकाशा तेवढा घडीचा करू नका. आमच्याकडे तिसऱ्या वाचकाच्या हातात तो फाटतो, पाचव्याच्या घरी राहतो. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापा.