'करमणं' हा शब्द घराच्या डिझाइनसाठी चालेल का?

मंडळी, एका शब्दासाठी मदत करा. मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, संभाजीनगरला. मेंदूचा नि शरीराचा अभ्यास घर बांधताना कसा वापरायचा ह्यावर मराठीत टिपण लिहायलोय. जागेचा माणसावर जो परिणाम होतो त्याला 'अवकाशानुभव' असा पुस्तकी शब्द मिळाला पण आमच्या आजीला तो कळणार नाही. ती फ्लॅटमधे आल्यापासून एकच म्हणते, "मला हितं करमंना." मग हाच शब्द का घेऊ नये?

परभणीकर: घ्याच! आधी व्याकरण बघा. 'मी रमतो' म्हणतो आपण, पण 'मला करमतं'. रमणारा स्वतः रमतो, करमणं मात्र त्याला होतं. मला उकडतं, मला गरगरतं, मला झोप येते, ही सगळी त्याच रांगेतली. शरीराला आधी कळतं नि आपल्याला मागून, हे तुमचं सायन्स ह्या 'मला'मधेच बसलंय. वापर जास्त नकारीच बरं का, 'करमतं का गं' हे विचारतात ते सासरी गेलेल्या पोरीला.

नांदेडची सिस्टर: मी वॉर्डात काम करते. पेशंट रोज म्हणतात, खिडकीकडच्या कॉटवर हलवा, हितं करमत नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास आहे पेनसिल्व्हेनियातल्या दवाखान्याचा, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट, २३ जणांना खिडकीतून झाडं दिसायची नि २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागली. तेव्हा पेशंटचं करमणं हे नुसते लाड नाहीत दादा, हे मला डॉक्टरांनाही सांगावं वाटतं.

औसेकर: थोडं थांबा. करमणं हे माणसांवर असतं, भिंतीवर नाही. भिंतीसाठी मी 'भ्या' नि 'उकडणं' वापरीन. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, मातीत रचलेल्या दगडी भिंती नि वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, झोपेतल्या माणसांवर आलं. त्यानंतर आमच्याकडं लोकांना दगडी घरात झोप येईना, पत्र्याचं शेड टाकून त्यात झोपायचे. आता माळवदाखाली गारवा असतो, जाड मातीतून उन्हाची धग आत यायला वेळ लागतो, पत्र्याखाली मे महिन्यात अंग भाजतं आणि झोप लागायला तर शरीराचं आतलं तापमान जरा उतरावं लागतं. तरीपण पत्राच बरा वाटायचा. मेंदू धोक्याची आठवण सोडत नाही. तुमच्या टिपणात हे पाहिजेच, नुसत्या गारव्यावर लिहू नका.

मूळ पोस्टवाला: औसेकर काका, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, घेतो. आणि तुमचं ऐकून आजीला नीट विचारलं, नेमकं काय नाही हितं? म्हणाली, ओसरी नाही, बसलं की येणारंजाणारं दिसत नाही, दार लावलं की दिवस कुठं गेला कळत नाही. म्हणजे तिला माणसंच पाहिजेत पण ती ओसरीवर भेटायची, आणि उजेडही तिथंच. डोळ्यावर पडणाऱ्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, ते तिचं हुकलंय. म्हणून करमणंच ठेवतो, त्यात माणूस नि भिंत दोन्ही येतात. टिपणाचं नाव 'करमणारं घर' देऊ का?

परभणीकर: नको, चुकतंय. घर करमत नसतं, माणसाला करमतं. 'करमेल असं घर' लिहा.