भिंती अणूला थोपवतात

वर एकाने लिहिलंय की उत्तेजित (जादा ऊर्जा असलेल्या) अणूचं आयुष्य, म्हणजे ती ऊर्जा प्रकाशरूपात सोडेपर्यंतचा वेळ, हा त्याचा अंगभूत गुण, भोवतालच्या भिंतींशी त्याचा संबंध नाही. हे मला पटत नाही. १९८५ मध्ये एमआयटीत डॅनियल क्लेप्नर यांच्या गटाने उत्तेजित सीझियम अणू दोन समांतर धातूच्या पट्ट्यांमधून सोडले. अणू सोडणार त्या प्रकाशाची तरंगलांबी पट्ट्यांमधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त झाली की फोटॉनला (प्रकाशाच्या कणाला) जायला वाटच उरत नाही (प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पट्ट्यांना समांतर असेल तरच, हे विसरू नका). अणूचं आयुष्य किमान २० पटींनी वाढलं! उलट भिंतींमधली पोकळी अनुनादी, म्हणजे त्या तरंगलांबीशी जुळणारी, असेल तर प्रकाशाचं उत्सर्जन झपाट्याने होतं. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी हे १९४६ मध्येच सांगितलं होतं. सर्ज हारोश यांच्या पॅरिसमधल्या गटाने १९८३ मध्ये सोडियम अणूंवर ते दाखवूनही दिलं.