शाळेच्या भिंतीवर १९५२, आजोबांच्या दाखल्यावर १९३१. शाळेचं खरं वय कसं काढायचं?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जि. प. प्राथमिक शाळेचा इतिहास लिहायला घेतलाय. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव आहे, पटावर आता ३१ पोरं आणि दोन शिक्षक. दर्शनी भिंतीवर ऑईलपेंटनं "स्थापना १९५२" लिहिलंय, आम्ही लहानपणापासून तेच खरं धरत आलो. पण दिवाळीला ट्रंक आवरताना आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, चौथी पास, साल १९३१, रजिस्टर नंबर ११८, आणि शाळा आमचीच! गावातली म्हातारी माणसं सांगतात की आधी शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची, पण कधीपासून ते कुणालाच नक्की माहीत नाही.
जुनी कागदपत्रं कुठं मिळतील? आणि मुख्याध्यापकांची यादी आणि मोठ्या हुद्द्यावर गेलेल्यांचे फोटो एवढंच छापण्यात मला रस नाही, मग लिहायचं तरी काय?

निवृत्त_गुरुजी:
बाळा, चांगलं काम हाती घेतलंयस. १९५२ हे बहुतेक इमारतीचं साल असणार. खोली बांधली की तीच स्थापना धरायची असं बऱ्याच गावांत झालंय, आणि एकदा ते साल यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी सरकारला कळवायच्या फॉर्ममध्ये गेलं की पुढं दरवर्षी तेच चालू राहतं.
आधी दाखल्यावरचा शिक्का बघ. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं १८५५ला सुरू झालं, १८६३च्या सुमाराला शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जायचा, खेड्यापाड्यातल्या कितीतरी शाळा त्या पैशावर उभ्या राहिल्यात, म्हणजे शेतकऱ्याच्याच पैशावर, हे तुझ्या पुस्तकात आलंच पाहिजे. १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा लोकल बोर्डाकडं आल्या, १९४७च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डाकडं, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदेकडं. प्रत्येक वेळी शिक्का बदलला, शाळा तीच राहिली.
आता मुख्य गोष्ट. जनरल रजिस्टर नंबर एक शोध, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेलं पहिलं रजिस्टर. मुख्याध्यापकांना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत लेखी अर्ज दे. ते रजिस्टर कायम जपायचं असतं, त्यामुळं कपाटात तळाला का होईना, असतंच. ११८ नंबर १९३१च्या आधी पडलाय म्हणजे त्याच्या मागं ११७ पोरं आहेत. मागं मागं जात राहा. सोबत शेरेबुक मिळालं तर सोनं समज, तपासणीला आलेल्या साहेबानं पट किती, हजर किती, छप्पर गळतंय का, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

कोरेगावकर:
गुरुजींशी सहमत, दोन गोष्टी वाढवतो. गाव पूर्वी औंध किंवा फलटण संस्थानात होतं का ते आधी बघा, तसं असेल तर १९४८च्या विलीनीकरणाआधीचे कागद संस्थानच्या दप्तरात शोधावे लागतील. दुसरं म्हणजे, आपल्या जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटील) १९३८पासून शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या होत्या, त्या पुढं स्कूल बोर्डाकडं गेल्या आणि काही ठिकाणी बोर्डाकडं गेल्याचं सालच स्थापना म्हणून लागलं. तुमची त्याच्या आधीचीच दिसतेय, पण आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांना हे लागू पडेल. १८८५चं सातारा गॅझेटियरही चाळा, मोठ्या गावांच्या नोंदीत शाळा होती का तेवढं तरी कळतं.

फळा_खडू:
मी शिक्षिका आहे. २०२३ला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा आमच्या शाळेतली जुनी रजिस्टरं मी पानन् पान बघितलीयेत. कसरीनं कडा खाल्लेल्या, पान उलटताना हातात तुकडे यायचे. म्हणून आधी फोटो काढा, ओला हात लावू नका, आणि चिकटपट्टी तर अजिबात नको.
काय लिहायचं विचारलंत ना, तर शेवटचे तीन रकाने वाचा. शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. पहिल्या रकान्यांत सगळी पोरं सारखीच दिसतात, कोण कुठं गळालं ते शेवटी कळतं. "सतत गैरहजर सबब नाव कमी", "गाव सोडून गेले", "मयत". प्लेगच्या सालात किंवा १९१८च्या इन्फ्लुएंझात एकदम ओळीनं नावं कमी झालेली दिसली तर थांबून वाचा. मुलींची वेगळी मोजणी करा, कितवीत सुटल्या ते लिहा. दलित मुलांची पहिली नोंद कुठल्या सालची आहे तेही शोधा आणि ती मुलं कुठं बसायची ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते लपवून शाळेचा इतिहास होत नाही. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९००ला १९१४ नंबरला भिवा हे नाव लागलं, ते म्हणजे बाबासाहेब, आणि आज तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी लिहिणाऱ्या मास्तरांच्या लेखी ती एक साधी ओळ होती.
आणि हो, एक जूनचे वाढदिवस बघून चक्रावू नका, घरी तारीख माहीत नसली की गुरुजीच लावून टाकायचे. कृपा करून जातीच्या रकान्यासकट पानं छापू नका, त्या घरांना विचारल्याशिवाय नावंही नको.

माणदेशी_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा सरांनी कपाट उघडून दिलं. रजिस्टर मिळालं!! पहिली पानं गेलीत, पहिली शिल्लक नोंद २३ नंबरची आणि तारीख जून १९११. म्हणजे शाळा १९११च्याही आधीची.
११८वर आजोबा, १९२६ला बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात दाखल. आणि खाली ११९ला त्यांची धाकटी बहीण, त्याच दिवशी, त्याच शाईत. आमच्या घरात सगळे म्हणायचे की आत्याआजी शाळेची पायरी चढलीच नाही. पण मला आठवतंय, ती एसटीची पाटी लांबून वाचायची, आम्हाला वाटायचं गाडीच्या वेळेवरून ओळखते. ती वाचत होती. दुसरीत असताना फेब्रुवारी १९३०ला नाव कमी झालंय आणि कारणाची ओळ मोडीत आहे. बाकीचे रकाने झाकून फोटो टाकलाय, कुणाला वाचता येईल का?

निवृत्त_गुरुजी:
वाचली. "लग्न होऊन सासरी गेली सबब नाव कमी."

फळा_खडू:
दादा, तारीख बघा. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ला पास झाला आणि १ एप्रिल १९३०पासून लागू होणार होता, लग्नाला मुलीचं वय किमान १४. लागू व्हायच्या आत उरकून घ्या म्हणून त्या महिन्यांत देशभर लहान मुलींची लग्नं लावली गेली. त्याच हिवाळ्यात तुमच्या शाळेतून आणखी कुणाची नावं कमी झालीयेत का?

माणदेशी_पोरगा:
आत्ताच पुन्हा फोटो बघितले. डिसेंबर ते मार्च, चार मुली. आत्याआजीला धरून पाच. त्यानंतर पुढची मुलगी थेट १९३४ला दाखल झालीय. उद्या त्या चारही घरी जाऊन येतो.