स्पॅनिश रेडिओ: मालक कोण, यापेक्षा मालक कुठे हे महत्त्वाचे का?

तरंगलांबी:
२०२२ साली अमेरिकेत टेलिव्हिसायुनिव्हिजन या माध्यम कंपनीने आपली १८ स्पॅनिश भाषेतील रेडिओ केंद्रे लॅटिनो मीडिया नेटवर्क या नव्या कंपनीला ६ कोटी डॉलरना विकली. त्यांत मायामीचे रेडिओ मांबी होते, म्हणजे क्यूबातून परागंदा झालेल्या कॅस्ट्रोविरोधकांचे हक्काचे व्यासपीठ. खरेदीच्या पैशात उदारमतवादी राजकारणाचे अब्जाधीश देणगीदार जॉर्ज सोरोस यांच्याशी संबंधित निधी असल्यामुळे मोठा गदारोळ झाला आणि काही निवेदक केंद्र सोडून गेले. माझ्या मते हा गदारोळ व्हायला फार उशीर झाला होता. १९४६ मध्ये सॅन अँटोनियोत केसीओआर हे स्पॅनिश रेडिओ केंद्र सुरू करणारे राऊल कोर्तेझ त्याच शहरात राहत होते. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाच्या देशभरातील रेडिओ केंद्रांच्या संख्येवरची मर्यादा उठवली, २००३ मध्ये युनिव्हिजनने (आजच्या टेलिव्हिसायुनिव्हिजनची पूर्वीची कंपनी) हिस्पॅनिक ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही रेडिओ साखळी ताब्यात घेतली, आणि स्थानिक मालकीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

व्यवहारी:
असहमत. २००६ मध्ये स्थलांतरितांविरुद्धच्या विधेयकाच्या निषेधार्थ लॉस एंजेलिसमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, त्यांना हाक देणाऱ्यांत रेडिओ निवेदक पिओलिन आघाडीवर होते आणि त्यांचे केंद्र याच युनिव्हिजनच्या मालकीचे होते. मोठ्या कंपनीकडे मोठा आवाज असतो. (आपल्याकडे तर खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याचीच परवानगी नाही, त्यामुळे मालकीचा वाद गाण्यांपलीकडे जातच नाही.)

तरंगलांबी:
पिओलिन यांचा तोच कार्यक्रम लॉस एंजेलिसमधून इतर शहरांतही प्रक्षेपित होत असे. त्या शहरांत सकाळच्या वेळी गावातला निवेदक बोलू शकला असता, ती जागा त्या कार्यक्रमाने व्यापली. मोर्चासाठी मोठा आवाज उपयोगी पडतो हे मान्य, पण गावातली शाळा उद्या बंद आहे हे तो सांगत नाही.

कोरडवाहू:
तुम्ही दोघे व्यापारी केंद्रांतच अडकला आहात. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात १९७९ मध्ये केडीएनए आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे १९८० मध्ये रेडिओ बिलिंग्वे सुरू झाले, ते शेतमजुरांसाठी आणि ना-नफा तत्त्वावर. रेडिओ बिलिंग्वे मिश्तेको भाषेतही कार्यक्रम देते, कारण मेक्सिकोतून आलेल्या अनेक मजुरांची मातृभाषा स्पॅनिश नाहीच. जाहिरातदाराच्या हिशेबात न बसणारा हा श्रोता व्यापारी साखळीला कधी दिसला असता?

व्यवहारी:
आणि त्या केंद्रांचा पैसा? २०२५ च्या जुलैत अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे ११० कोटी डॉलरचा मंजूर निधी परत घेतला. जाहिरातदाराची मर्जी टाळली, तर सरकारची मर्जी सांभाळावी लागते.

तरंगलांबी:
म्हणूनच मालकाची जात, पक्ष किंवा देणगीदार तपासण्यापेक्षा परवान्यातील अटींकडे पाहावे. ज्या गावासाठी परवाना मिळाला त्याच्या परिसरात केंद्राचा मुख्य स्टुडिओ असलाच पाहिजे, हा जुना नियम एफसीसी या प्रसारण आयोगाने २०१७ मध्ये रद्द केला. तो परत आणावा, मग खरेदीदार सोरोस यांच्या गोटातला असो वा त्यांच्या विरोधकांच्या.

व्यवहारी:
एएम केंद्रांचे उत्पन्न आटत असताना हा खर्च लादला, तर सर्वांत आधी बंद पडतील ती लहान मालकांचीच केंद्रे. साखळीवाले एका शहरातली सगळी केंद्रे एकाच स्टुडिओत बसवतील आणि नियमही पाळतील.